परमुलखांतील लग्न आणि वऱ्हाडाचा धर्म

लग्नाचें आमंत्रण आलें म्हणजे पूर्वीं घरांत तीन प्रश्न उठत: मुहूर्त केव्हांचा, गाडी कोठून मिळेल, आणि आहेर काय करावा. अलीकडे त्यांत चौथ्याची भर पडली आहे: पारपत्राची मुदत संपली तर नाहीं ना? मुलगी पुण्याची, मुलगा ठाण्याचा, दोन्हीकडचे सोयरे महाराष्ट्रांत पसरलेले. आणि लग्न मात्र बाली बेटाच्या किनाऱ्यावर, मॉरिशसला, किंवा थायलंडांतील फुकेतच्या वाळूवर. असे विवाह आतां केवळ धनिकांच्याच घरीं होतात असें नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबांतूनहि अशीं निमंत्रणें येऊं लागलीं आहेत, आणि तीं हातीं पडतांच आनंदाच्या पाठोपाठ थोडी चिंताहि घरांत शिरते. जावें कीं न जावें? गेल्यास काय न्यावें, कसें वागावें? न गेल्यास यजमानांस वाईट तर वाटणार नाहीं ना?

ह्या प्रश्नांवर सल्ले पुष्कळ मिळतात. ते बहुधा प्रवासाच्या पेटीपासून सुरू होतात आणि पेटीपाशींच संपतात. सुती कपडे घ्यावे, टोपी घ्यावी, उन्हाचा चष्मा विसरूं नये. हें सर्व खरें आहे, आणि पुढें आम्हीहि त्याविषयीं चार शब्द बोलणार आहों. परंतु ह्या विषयाचें मूळ आमच्या मतें पेटींत नाहीं. परक्या मुलखांत जाऊन लग्नांत वागावें कसें, हा प्रश्न आपणांस वाटतो तितका नवा नाहीं. त्याला इतिहास आहे. आणि तो पाहण्यासाठीं समुद्र ओलांडण्याचीहि गरज नाहीं. डहाणू तालुक्यांतील रानशेत गांवीं उभें राहिलें आणि तेथून चहूंकडे नजर टाकली, तरी पुरे आहे.

रानशेत हें डहाणूच्या पूर्वेस, जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. त्याच्या नांवांतच रान आहे आणि शेतहि आहे. ह्या भागांतील वस्ती मुख्यत्वें आदिवासींची, आणि ती पाड्यापाड्यांनीं विखुरलेली. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. तोंपर्यंत हा सर्व प्रदेश ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस तलासरी, आणि तलासरीची हद्द ओलांडली कीं गुजराथेंतील संजाण. ह्या लहानशा पट्ट्यांत लग्नाशीं निगडित अशा दोन कथा घडल्या आहेत, कीं ज्या परमुलखीं निघालेल्या प्रत्येक वऱ्हाडानें ऐकून जाव्या. त्यांच्याकडे वळण्यापूर्वीं आपल्या घरच्या चालीरीतींकडे थोडें पाहूं.

आपल्या विवाहविधींत सीमांतपूजन म्हणून एक विधि आहे. आतां तो कार्यालयांतल्या कार्यालयांतच, लग्नाच्या आदल्या संध्याकाळीं उरकला जातो; पण शब्द स्वच्छ सांगतो कीं, तो मुळांत गांवाच्या सीमेवर व्हावयाचा. वराकडील मंडळी वेशीपाशीं येऊन थांबत. वधूपिता सामोरा जाऊन वराची पूजा करी, आणि मग वाजतगाजत सर्वांस जानवसघरीं नेई. ह्याचा अर्थ आम्ही असा समजतों कीं, वऱ्हाड कितीहि मानाचें असलें, तरी वेशीच्या आंत पाऊल टाकण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नसे. यजमानानें यावें, बोलवावें, तेव्हां आंत जावें. मान वऱ्हाडाचा खरा, पण गांव यजमानाचा. हा भेद आपल्या पूर्वजांनीं मुद्दाम एक विधि करून लक्षांत ठेवला होता.

दुसरी गोष्ट काळाची. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मास, आणि त्यांत विवाहाचे मुहूर्त धरीत नाहींत. ह्यास शास्त्राधार आहे तो असो. परंतु कोंकणपट्टीवर राहणाऱ्यास दुसरें एक कारण डोळ्यांपुढें दिसतें. आगगाडी येण्यापूर्वीं ह्या किनाऱ्यावरचा लांबचा प्रवास गलबतानें किंवा मचव्यानें होई, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं समुद्र बंद होई. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्यावरच होड्या पुन्हां पाण्यांत लोटीत. जमिनीवरच्या वाटा चिखलांत रुतलेल्या, नद्यांना पूर, आणि घरांतील प्रत्येक हात शेताच्या लावणींत गुंतलेला. अशा दिवसांत वऱ्हाड निघणार कसें, आणि त्याला जेवूं घालणार कोण? मुहूर्ताच्या पंचांगांत हवेचें आणि शेतीचें पंचांग नकळत मिसळलेलें होतें. पुढें १८६४ सालीं मुंबई आणि गुजराथ लोहमार्गानें जोडलीं गेलीं, आणि डहाणूचें वऱ्हाड गलबतांतून उतरून आगगाडींत बसलें. २०१३ सालच्या एप्रिलांत मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली. प्रवास असा सोपा होत गेला, तसतसा काळ पाहण्याचा विवेक मात्र मागें पडत गेला.

तिसरी गोष्ट व्यवस्थेची. १७८३ सालच्या फेब्रुवारींत पुण्यास सवाई माधवराव पेशव्यांचें लग्न झालें. त्या समारंभाच्या व्यवस्थेचीं जीं टिपणें मागें राहिलीं आहेत, तीं इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचीं आहेत. नाना फडणविसांसारखा कारभारी ज्या दरबारीं, तेथें लग्न म्हणजे एक मोहीमच होती: कोणाकडे कोणतें काम, पाहुण्यांचा सत्कार कसा, पंगत कशी मांडावयाची, ह्याचा विचार अक्षता पडण्याच्या कितीतरी आधीं झालेला. पाहुणा घरीं आणणें म्हणजे त्याचा भार उचलणें, हें यजमान जाणून होता. पेशव्यांस तो भार पेलण्यासारखा होता. ज्यास तो पेलण्यासारखा नसतो, त्याचें काय होतें, हें पुढें रानशेतच्या बाजूस पाहूं.

आतां पहिल्या कथेसाठीं उत्तरेस, संजाणाकडे वळूं. इराणांतून निघालेले जरथुष्ट्री लोक समुद्रमार्गानें येऊन संजाणास उतरले, अशी पारशी समाजाची परंपरा आहे. ह्या आगमनाची हकीकत ज्या काव्यांत आहे, तें ‘किस्से-संजाण’ बहमन कैकोबाद नांवाच्या पारशी धर्मगुरूनें सुमारें १६०० सालीं फारशी भाषेंत रचलें. म्हणजे मूळ प्रसंगानंतर कित्येक शतकांनीं. त्यामुळें त्यांतील प्रत्येक ओळ पुरावा म्हणून घेतां येत नाहीं. आगमनाच्या सालाविषयीं तर पंडितांत मोठाच मतभेद आहे. परंतु एका समाजानें आपली आठवण कशी जपली, ह्याची ती उत्तम साक्ष आहे. दुधानें कांठोकांठ भरलेल्या भांड्यांत साखर विरघळविल्याची जी गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतों, ती ह्या काव्यांत नाहींच. त्यांत आहेत त्या जादी राणा नांवाच्या राजानें आगंतुकांस घातलेल्या अटी.

त्या अटी अशा: आपला धर्म काय तो राजास समजावून सांगावा, स्वदेशाची भाषा सोडून येथली भाषा बोलावी, स्त्रियांनीं येथल्या स्त्रियांसारखा वेष करावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, आणि मुलांचीं लग्नें होतील तेव्हां वराती सायंकाळीं काढाव्या.

पांचांपैकीं एक अट लग्नाची असावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भाषा, वेष आणि शस्त्रें ह्यांविषयीं राजा बोलला, ह्यांत नवल नाहीं. कोणताहि राजा तें बोलेल. परंतु वरात? थोडा विचार केला म्हणजे उलगडा होतो. लग्नाची वरात ही कोणत्याहि समाजानें सर्वांत मोठ्या आवाजांत केलेली आपली घोषणा असते. आम्ही कोण, किती, कसे, आमच्याजवळ काय आहे, हें सर्व ती रस्त्यावर मांडते. परक्या गांवांत ही घोषणा कोणत्या वेळीं आणि कशी व्हावी हें ठरविण्याचा अधिकार त्या गांवाचा, असें जादी राणाच्या अटीचें तात्पर्य दिसतें. सीमांतपूजनाचा जो अर्थ आम्हीं वर केला, तोच येथें राजाच्या मुखानें बोलला आहे.

आणि ती अट मान्य करून पाहुण्यांचें गेलें काय? कांहींहि गेलें नाहीं. सूर्यास्ताच्या सुमारास लग्न लावण्याची चाल पारशी समाजांत पुढें शतकानुशतकें चालत आली. लग्नांतील आशीर्वाद त्यांच्या पाझंद भाषेंत म्हटले जात, तसेच संस्कृतांतहि म्हणण्याची रीत पडली. त्यांचा धर्म राहिला, त्यांचा अग्नि राहिला. पुढें संजाणावर परचक्र आलें, तेव्हां तो ‘इराणशाह’ अग्नि घेऊन त्यांनीं जेथें आश्रय घेतला, तो बाहरोटचा डोंगर ह्याच डहाणू तालुक्यांत आहे. बारा वर्षें तो अग्नि तेथील लेण्यांत जपला, असें परंपरा सांगते. आज तो उदवाड्यास आहे. ज्या भूमीच्या रीतीस पाहुण्यानें मान दिला, ती भूमि संकटाच्या वेळीं त्याच्या पाठीशीं उभी राहिली. परमुलखांत वागण्याचा ह्याहून मोठा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरी कथा खुद्द रानशेतच्या आसपासच्या पाड्यांतली. आणि ती इतकी सुखाची नाहीं.

वारल्यांचें लग्न ज्यानें पाहिलें असेल, त्यास तें विसरणें कठीण. लग्न लावणारी स्त्री असते. तिला धवलेरी म्हणतात, आणि तिच्या गाण्यांवांचून विधि पुरा होत नाहीं. घरांतील गेरूनें सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगानें चौक लिहितात. त्याच्या मधोमध पालघाट देवी, भोंवतीं झाडें, पशुपक्षी, माणसें, आणि शेजारीं लहान चौकांत घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या. हीच लिहिण्याची कला कागदावर उतरली आणि १९७० नंतरच्या दशकांत जगभर गेली. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) ह्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. आज शहरांतल्या लग्नपत्रिकांवर, कार्यालयांच्या भिंतींवर, फार काय परदेशांत लग्न लावणाऱ्यांच्या निमंत्रणांवरहि वारली आकृति नाचतांना दिसतात. त्या छापणाऱ्यांपैकीं फार थोड्यांस हें ठाऊक असतें कीं, ती चित्रकला मुळांत लग्नाची आहे; आणि त्याहून थोड्यांस हें ठाऊक असतें कीं, ज्या घरांच्या भिंतींवर ती जन्मली, त्या घरांतील लग्नाची किंमत एके काळीं माणसांनीं स्वतःच्या देहानें चुकविली आहे.

वारल्यांमध्यें वराकडून वधूच्या बापास देज देण्याची चाल. देज, वधूवरांचीं वस्त्रें, आणि सर्व पाड्याला व बाहेरगांवच्या सोयऱ्यांना भात आणि ताडी, असा हा खर्च. शहरी माणसास तो क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या घरीं पुढच्या हंगामापर्यंत दाणा पुरत नाहीं, त्यास तो डोंगराएवढा. मग तो सावकाराकडे किंवा जमीनदाराकडे जाई, लग्नापुरतें कर्ज काढी, आणि त्याच्या फेडीसाठीं त्याच्या वाडींत व शेतावर राबूं लागे. अशा माणसास ह्या भागांत ‘लग्नगडी’ म्हणत. त्याच्याबरोबर त्याची बायकोहि राबे. हिशेब मालकाच्या हातीं, अक्षरओळख गड्यास नाहीं. त्यामुळें कर्ज कधीं फिटत नसे, आणि ज्या लग्नासाठीं माणूस गहाण पडला, त्या लग्नाचीं मुलेंहि त्याच दाराशीं राबत वाढत. जंगलपट्टींतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी सिमिंग्टन ह्या सरकारी अधिकाऱ्यानें केली, आणि तिचा अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. वेठीचा आणि कर्जाच्या दास्याचा हा प्रकार त्यामुळें सरकारी दप्तरांतहि नमूद झाला.

परंतु दप्तरांत नमूद झाल्यानें गडी सुटला नाहीं. तो सुटला तो स्वतःच्या एकजुटीनें. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळच्या झरी गांवीं वारल्यांची परिषद भरली. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर हे तींत अग्रभागीं होते. वेठ करावयाची नाहीं, लग्नगडी म्हणून राबावयाचें नाहीं, रोख मजुरीवांचून मालकाच्या शेतांत पाय ठेवावयाचा नाहीं, असा निर्धार करून लोक पाड्यापाड्यांत परतले, आणि लग्नगड्यांनीं मालकांचीं दारें सोडलीं. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला, आणि त्यांत पांच जण मेले. गोदावरीबाईंनीं पुढें ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत ही सर्व हकीकत लिहिली. त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. वेठबिगारीस सबंध देशांत बंदी घालणारा कायदा व्हावयास मात्र १९७६ साल उजाडावें लागलें.

आतां वाचक विचारतील कीं, ह्या कथेंत पाहुणा कोठें आला? तो त्या खर्चाच्या यादींत होता. सावकाराच्या वहींत जी रक्कम लग्नाच्या नांवें पडे, तींत पाहुण्यानें खाल्लेला भात होता आणि प्यालेली ताडी होती. पाहुणा वाईट नव्हता; तोहि त्याच पाड्याचा, तितकाच गरीब, आणि आनंदानें आलेला. तो दुसऱ्या दिवशीं उठून आपल्या गांवीं गेला. यजमान मात्र जन्मभर त्या एका जेवणाचें देणें फेडीत राहिला.

ह्याच समाजानें ह्या संकटावर स्वतःचा एक तोडगाहि काढला आहे, आणि तो शहाण्यांनीं नाक न मुरडतां समजून घेण्यासारखा आहे. हातीं पैसा नसेल तर जोडपें तसेंच संसार मांडतें. लग्नाचा विधि पुढें, ऐपत आल्यावर, कधीं कधीं मुलें मोठीं झाल्यावर होतो. अलीकडे अशा जोडप्यांसाठीं पालघर जिल्ह्यांत सामुदायिक विवाहहि होतात. संसार आधीं, समारंभ मागाहून, हा क्रम आम्हां शहरी लोकांस चमत्कारिक वाटतो. परंतु समारंभ आधीं आणि त्याचे हप्ते फेडीत संसार मागाहून, हा जो क्रम आज आमच्यांतील पुष्कळ घरांत पडूं लागला आहे, तो त्याहून अधिक शहाणपणाचा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

असो. ह्या दोन कथांवरून आणि घरच्या चालीरीतींवरून परमुलखीं निघालेल्या वऱ्हाडाचा धर्म आम्ही तीन शब्दांत सांगूं: काळ पहावा, वेस मानावी, भार होऊं नये. आतां ह्यांचा आजच्या प्रवासास उपयोग कसा करावा तें पाहूं.

प्रथम काळ. आपलें पंचांग आपल्या पावसास धरून आहे. परक्या बेटांचा पाऊस तें जाणत नाहीं. माघ-फाल्गुनांतील मुहूर्त आपल्या हवेस उत्तम. पण त्याच दिवसांत बालीमध्यें पावसाळा असतो, कारण तेथें नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पाऊस पडतो. मॉरिशसमध्यें तो वादळांचा हंगाम. उलट फुकेतला आणि लंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यास हेच महिने कोरडे व सुखाचे. तेथें पाऊस आणि खवळलेला समुद्र मे महिन्यापासून. म्हणून यजमानांनीं स्थळ ठरविण्यापूर्वीं, आणि पाहुण्यांनीं तिकीट काढण्यापूर्वीं, हा विचार करावा. बालीविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथील हिंदूहि शकगणना मानतात, आणि त्यांचा वर्षारंभ ‘न्येपी’ बहुधा मार्चांत येतो. त्या दिवशीं चोवीस तास सर्व बेट मौन पाळतें: रस्त्यावर कोणी येत नाहीं, दिवे मंद ठेवतात, विमानतळ बंद असतो, आणि परदेशी प्रवाशासहि उतरल्या जागेंतून बाहेर पडतां येत नाहीं. २०२३ सालीं आपला गुढीपाडवा आणि त्यांची न्येपी एकाच दिवशीं, २२ मार्चला आली होती. साडेतीन मुहूर्तांपैकीं एक म्हणून जो त्या दिवशीं बालीस लग्न योजील, त्याच्या वऱ्हाडाचें काय होईल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

उष्ण आणि दमट हवेंत माणूस थकतो तो बहुधा पहिल्या दोन दिवसांत. म्हणून लग्नाच्या सकाळीं पोंचण्यापेक्षां दोन दिवस आधीं पोंचावें. भरजरी शालू आणि बंद गळ्याचा कोट विधीच्या वेळेपुरता ठेवून एरवीं सैल सुती वस्त्रें घालावीं. वृद्धांनीं आणि लहान मुलांनीं दुपारचें ऊन टाळावें, आणि उकळलेलें किंवा बंद बाटलींतील पाणी प्यावें. डासांपासून जपावें, कारण डेंग्यूचा ताप बहुतेक सर्व उष्ण देशांत आहे. नित्याचीं औषधें वैद्याच्या चिठ्ठीसह हातांतल्या पिशवींत ठेवावीं. सामानाच्या पेट्या मागें राहूं शकतात, रक्तदाब मागें राहत नाहीं.

दुसरी वेस. आजची वेस विमानतळावर असते, आणि तेथें सामोरा येणारा वधूपिता नसून अधिकारी असतो. पुष्कळ देश पारपत्राची मुदत प्रवेशानंतर निदान सहा महिने शिल्लक असावी असा आग्रह धरतात; ती निमंत्रण येतांच पहावी. केनियासारख्या आफ्रिकी देशांत लग्न असेल, तर पीतज्वराची लस निघण्यापूर्वीं निदान दहा दिवस टोंचून घ्यावी. तिचा दाखला नसल्यास परत येतांना आपल्याच देशांत अडकून पडण्याची वेळ येते. अंगावरचे मोलाचे दागिने न्यावयाचे असतील, तर निघतांनाच जकात अधिकाऱ्यांकडून त्यांची नोंद करून घ्यावी, म्हणजे परततांना वाद होत नाहीं. नारळ, सुपारी, विड्याचीं पानें, ताजीं फुलें आणि आंब्याचे टाळे ह्यांवांचून आपलें कार्य होत नाहीं. परंतु वनस्पतींचे रोग पसरूं नयेत म्हणून अनेक देशांत अशा वस्तु बंदरावरच अडवितात. बालीमध्यें नारळ आणि फुलें मुबलक आहेत. मॉरिशसमध्यें तर एकोणिसाव्या शतकापासून मराठी समाज नांदत आहे. तेथें मिळेल तें तेथेंच घ्यावें. मालदीव बेटांच्या नियमांप्रमाणें पूजेच्या मूर्ति आंत आणण्यास बंदी आहे. घरचे देव घेऊन तेथें लग्नास निघालेल्या कुटुंबानें हें आधींच जाणलेलें बरें.

पण वेस म्हणजे केवळ कायदा नव्हे. देवळांत कोणत्या वेषानें जावें, किनाऱ्यावर वाद्यें किती वाजेपर्यंत चालावीं, कोणत्या दिवशीं मद्य वर्ज्य, हें त्या त्या गांवास विचारावें, आणि तें सांगेल तसें करावें. जादी राणाच्या अटी वाचून आलेल्या पाहुण्यास ह्यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं.

तिसरा, आणि आमच्या दृष्टीनें सर्वांत मोठा, धर्म भार न होण्याचा. निमंत्रणास होय किंवा नाहीं हें लवकर आणि स्पष्ट कळवावें. ‘पाहूं, जमल्यास येऊं’ ह्या आपल्या जुन्या उत्तरानें परदेशांत यजमानाच्या खोल्या आणि पानें वांया जातात. ज्यांचीं नांवें पत्रिकेंत आहेत त्यांनींच जावें. प्रवासखर्च यजमान देत असला तरी आपला वाटा आपण उचलतां येतो का, तें पहावें. आणि प्रवासखर्चच इतका झाला असेल तर आहेराचा आग्रह दोन्ही बाजूंनीं सोडावा. ज्यास जाणें परवडत नाहीं, त्यानें कर्ज काढून जाऊं नये, आणि न गेल्याची लाजहि बाळगूं नये. एक प्रेमाचें पत्र लिहावें, आणि वधूवर परतल्यावर त्यांस घरीं जेवावयास बोलवावें. यजमानानेंहि अशा नातलगास कमी लेखूं नये. कोण आलें आणि कोण नाहीं ह्याची यादी मनांत ठेवून पुढें वर्षानुवर्षें उणें काढणें, ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. विमानाच्या भाड्यानें तिला नवें बळ मिळूं देऊं नये.

ह्या भाराचा आणखी एक वांटेकरी असतो, आणि तो पंगतींत कधीं बसत नाहीं. मांडव उभारणारा, पात्रें उचलणारी, दुसऱ्या दिवशीं वाळूवरचा कचरा वेंचणारी माणसें त्याच गांवचीं असतात. हें पाहण्यासाठीं बालीस जाण्याचेंहि कारण नाहीं. आज मुंबईचें वऱ्हाड डहाणूच्या किनाऱ्यावर आणि घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतहि येतें. मुंबईकरास तो निवांत किनारा; पण डहाणू तालुका जून १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून सरकारनें जाहीर केलेला आहे, आणि तेथें राबणाऱ्या हातांपैकीं कित्येक हात ज्यांच्या आजोबांनीं लग्नगड्याचें जिणें पाहिलें त्यांचे आहेत. त्यांची मजुरी वेळेवर आणि पुरी दिली गेली का, एवढा एक प्रश्न यजमानानें व्यवस्थापकास विचारला, तर झरीच्या परिषदेची आठवण राखली असें होईल.

परदेशांत लग्न लावूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तरुण जोडप्यास समुद्राची हौस असावी, ह्यांत वावगें कांहींच नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वऱ्हाड जेथें जेथें जातें, तेथें तेथें तें कोणाच्या तरी घरीं जातें, आणि तें परत गेल्यावर मागें कांहींतरी राहतें. तें काय असावें, हें ठरविणें पाहुण्याच्या हातीं आहे. रानशेतच्या बाजूस एखाद्या घरीं लग्न होऊन गेलें, तरी भिंतीवरचा चौक पुढें कांहीं दिवस तसाच दिसतो. पाहुणे गेलेले असतात, मांडव उतरलेला असतो, आणि पांढऱ्या पिठांतली पालघाट तेवढी घर राखीत असते. लग्नानंतर यजमानाच्या घरीं एवढेंच मागें उरावें. सावकाराच्या वहींतलें पान उरूं नये.